भिंतीवरच्या तारखा

॥ श्री ॥

कामशेत,
१४ जुलै १९६३

ती. सौ. रजनीताईस,
गंगाधरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मंगळवार, दोन जुलै, दुपारी सव्वातीन. ही वेळ तुझ्या कॅलेंडरवर लिहून ठेव. तोपर्यंत मी एक माणूस होतो आणि त्यानंतर दुसराच झालो. लोणावळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेला एक छोटी खिडकी आहे. मी तिच्यातून रक्ताच्या काचांची पेटी आत सरकवली. आतल्या मुलीने सूक्ष्मदर्शकावरचा डोळाही न काढता मला विचारलं की काचेवर रक्त शोधू की तुमचा अंगठा, कारण दर काचेवर अंगठाच मोठा आलाय. मग तिने वर पाहिलं. बस. एवढंच झालं, आणि सगळं झालं.

तू हसतेयस हे मला इथून दिसतंय. हस. तिचं नाव चंद्रिका. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांची, महिपतरावांची, ती सख्खी भाची आणि त्यांच्याच घरी राहते. मामासाहेब दर मंगळवारी पुण्याला मीटिंगला जातात, तेवढा दिवस खिडकीपाशी मोकळेपणाने दोन शब्द बोलता येतात. बाकीच्या दिवशी ते स्वतःच्या टेबलावरून थेट खिडकीकडे बघत असतात.

आता नोकरीचं सांगतो. फेब्रुवारीत मी कॉलेज सोडलं त्याचा निकाल तुम्ही सगळ्यांनी लावून टाकला आहे, तेव्हा तो खटला पुन्हा उघडत नाही. प्रोफेसरने भर वर्गात एका खेड्यातल्या मुलाच्या इंग्रजीची टर उडवली, मी उठून बोललो, त्यांनी माफी मागायला सांगितली, मी वही बाकावर टाकून निघून आलो. परत तसं झालं तर परत निघून येईन. अप्पा तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. मी तळेगावला गेलो की ते आईला सांगतात की त्याला विचार, जेवणार आहे का. मी समोरच बसलेला असतो.

एप्रिलपासून मी हिवताप-निर्मूलनाचा माणूस आहे. माझ्या वाट्याला कामशेतच्या पलीकडची नऊ गावं आणि वाड्या आल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं आणि कुणाला थंडीताप येऊन गेला का ते विचारायचं. आला असेल तर बोट टोचून काचेवर थेंब घ्यायचा, चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या. मग दाराशेजारी भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख घालून सही करायची. फवारणीची टोळी वेगळी, ती पावसाच्या तोंडाला येऊन घराघरांत डी.डी.टी. मारून जाते. भिंतीवर बसलेला डास त्या पावडरीने मरतो, असं ते शास्त्र.

महिपतरावांच्या कचेरीत जगाचा मोठा नकाशा आहे. ज्या देशांत हिवताप आहे ते तांबडे. एकेक करून सगळं जग पांढरं करायचं ठरलंय म्हणे, आणि त्यात आपला मावळ तालुकाही आला! सप्टेंबरअखेर दिल्लीहून पाहणीला माणसं येणार आहेत. आकडे शून्याशी आले तर तालुका पास. मग पुढच्या वर्षापासून फवारणी बंद, नुसती पाळत ठेवायची. ताई, कॉलेजात तीन तास बेडूक कापून मला जे कधी वाटलं नव्हतं ते इथे चिखल तुडवताना वाटतं.

सगळ्यात लांबची उंबरवाडी. ठाकरांची अकरा घरं, कारवीच्या कुडाची. दोन कोस चालायचं, ओढा ओलांडायचा, मग चढण. तिचा वार मंगळवार, एकाआड एक. तिथला येसू मला बघून दर वेळी म्हणतो, भाऊ, तुमी येताय म्हनून डास पळाला की डास पळाला म्हनून तुमी येताय? त्याची बायको पुतळाबाई त्याच्यावर कडी करते. पहिल्यांदा बोट टोचलं तेव्हा तिने विचारलं की येवढं रगात नेऊन करता काय, इकता का? पण गोळ्या मात्र निमूट घेते आणि मला गुळाचा कोरा चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझा माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे आहे, फक्त तो अप्पांच्या कानावर अधूनमधून घालत जा.

तुझा,
गंगाधर


॥ श्री ॥

अहमदनगर,
२२ जुलै १९६३

चि. गंगाधर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि ह्यांनी माझ्या हातातून घेऊन तिसऱ्यांदा वाचलं. ते म्हणाले की अंगठ्याचा ठसा देऊन प्रेमात पडलेला हा पहिलाच. कॅलेंडरवर वेळ लिहिलेली नाही. मॅट्रिकच्या वर्षी पोस्टमास्तरांच्या मुलीसाठी तू असाच एक मुहूर्त मला सांगितला होतास, आणि तेव्हा तुझ्या सायकलची दोन्ही चाकं वाकली होती.

पण मुलगी मला आवडली. वर न बघता चूक सांगते आणि चूक सांगून मग वर बघते. तिचं आडनाव, गाव, शिक्षण, आईवडील आहेत की नाहीत, हे सगळं नीट विचारून कळव. डोळे कसे आहेत हे कळवू नकोस, ते तू कळवणारच.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तुझ्या वेळी आईला सातव्या महिन्यात थंडीताप भरला होता. मी सहा वर्षांची होते. घरातल्या सगळ्या गोधड्या तिच्या अंगावर टाकल्या तरी खाट वाजायची. अप्पा क्विनाईनसाठी पावसात चालत सोमाटण्यापर्यंत गेले होते, तिथल्या वैद्यांकडे ते असतं असं कुणी सांगितलं म्हणून. तू जगशील असं कुणाला वाटलं नव्हतं. अप्पा हे कधी बोलणार नाहीत. तू ज्या घरांतून फिरतोस तिथे अशी कुणी असेल, एवढं ध्यानात ठेव. कॉलेज सोडलंस ते मला पटलेलं नाही, हे काम धरलंस ते मात्र आवडलं.

पाय कोरडे ठेव. आई मेतकूट पाठवणार आहे, ते एकटा खाऊ नकोस. आणि रागावशील तेव्हा आधी मला पत्र लिही, मग काय फेकायचं ते फेक.

तुझ्यावर आहे तो जीव आहेच, तो काही पत्राच्या शेवटी मागावा लागत नाही.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

कामशेत,
५ सप्टेंबर १९६३

ती. सौ. ताईस,
गंगाधरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागावू नकोस, मी सुखात होतो. सुखात माणूस पत्र लिहीत नाही, असं तुला वाटत नाही का?

चंद्रिकेने मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं! आधी हात धुवायला लावले, मग नाक काचेला लावू नका म्हणून दटावलं. जांभळ्या रंगात असंख्य गोल पेशी, आणि एकीत इवलीशी अंगठी, एका बाजूला खडा असलेली. तोच हिवतापाचा जंतू. मी म्हणालो, अंगठीच दिसतेय. ती म्हणाली की आता बाजूला व्हा, माझ्या अजून साठ काचा राहिल्यात. पण कानापर्यंत लाल झाली होती. हे सहा ऑगस्टचं. वीस ऑगस्टला मी पुन्हा गेलो तेव्हा ती स्वतःहून खिडकीपाशी आली. चारपर्यंत उभा होतो. तिला वडील नाहीत, आई साताऱ्याला असते. विज्ञान घेऊन इंटर झालेली. आडनाव तू विचारलंस ते राहिलंच, पुढच्या वेळी.

आणखी ऐक. महिपतराव माझ्यावर खूष आहेत. माझ्या नऊ गावांत ऑगस्टमध्ये एकही तापाचा माणूस निघाला नाही. त्यांनी नकाशाशेजारी तक्ता लावलाय, त्यावरची रेघ आता जमिनीला टेकलीय. परवा मला म्हणाले की तळेगावला येणं होईल तेव्हा तुझ्या वडिलांना भेटेन. का भेटणार ते बोलले नाहीत, पण भाचीच्या खिडकीकडे बघत बोलले.

तुझ्यापासून काय लपवायचं? ते दोन्ही मंगळवार उंबरवाडीचे होते. पहिल्या वेळी ओढ्याला खरंच लोट होता. दुसऱ्या वेळी पाणी गुडघाभर होतं, जाता आलं असतं. परवा तीन तारखेला मात्र गेलो. भाताची बेणणी चाललेली, तण काढायला सगळी माणसं खाचरांत, वाडी रिकामी. भिंतीवरचे दोन रकाने मोकळे होते. पेन्सिल काढली आणि सहा ऑगस्ट, वीस ऑगस्ट, तीन सप्टेंबर अशा तिन्ही तारखा एकदम घालून मोकळा झालो. रजिस्टरही तसंच भरलं. अकरा घरं अर्ध्या तासात. कुणाचं काही बिघडलं नाही. वाडीत लिहितावाचता येणारा माणूसच नाही, त्यांना त्या रेघोट्यांचं काय?

तू लगेच नाक मुरडू नकोस. एकदाच केलं. पुढच्या खेपेला येसूची थट्टा पोटभर ऐकून घेईन.

भाऊजींना आणि तुला माझ्या वाटणीचं थोडं सुख पाठवतो, पाकिटात मावेल तेवढं.

तुझा,
गंगाधर


॥ श्री ॥

तळेगाव दाभाडे,
१६ सप्टेंबर १९६३

चि. गंगाधर यास,
अनेक आशीर्वाद.

श्री. महिपतराव काल येथे येऊन गेले. तासभर बसले. तुझ्या कामाविषयी त्यांनी जे सांगितले ते मी मध्ये न बोलता ऐकले. हा मुलगा चुकार नाही, पावसातही डोंगर सोडत नाही, असे त्यांचे शब्द आहेत. त्यांनी आणखी एक विषय काढला. त्यावर विचार करून कळवतो म्हणालो. तुझ्या आईने विचार आधीच करून ठेवलेला दिसतो.

फेब्रुवारीत मी जे बोललो ते सर्वच परत घेत नाही. पण काही घेतो.

रविवारी घरी ये. समोरासमोर बोलू.

तुझा शुभचिंतक,
माधव रामचंद्र


लोणावळा,
२१ सप्टेंबर १९६३

श्री. गंगाधर यांस,
चंद्रिकेचा नमस्कार.

आपण बुधवारी दिलेल्या उंबरवाडीच्या चौदा काचा पाहिल्या. नऊ काचांत जंतू आहेत. आकडे आणि नावं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. येसूची मुलगी चिंगी, पुतळाबाई आणि येसू, तिघांच्याही काचा त्यात आहेत. नोंद मी माझ्या रजिस्टरात शाईने केली आहे.

आपल्याला माझं पहिलं पत्र असं जावं असं मला वाटत नव्हतं.

एक विचारायचं आहे. आपण चिठ्ठीत चिंगीचा ताप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून आहे असं लिहिलंय. आपल्या रजिस्टरात मात्र सहा आणि वीस ऑगस्टला वाडीत सर्व घरं पाहिली, ताप नाही, असं आहे. वीस ऑगस्टला दुपारी आपण माझ्या खिडकीशी होता. मला तो दिवस चांगला आठवतो. का, ते आपल्याला सांगायला नको. सहा तारीखही आठवते.

मामांना मी अजून काही बोललेली नाही. त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. आपण आधी बोलावं अशी माझी इच्छा आहे.

इथली खिडकी आहे तिथेच आहे.

चंद्रिका


॥ श्री ॥

कामशेत,
२२ सप्टेंबर १९६३

ती. सौ. ताईस,
गंगाधरचा नमस्कार.

आज रविवार. अप्पांनी बोलावलं होतं आणि मी गेलो नाही. सोबत त्यांचं कार्ड आणि चंद्रिकेची चिठ्ठी, दोन्ही पाठवतो. दोन्ही वाच म्हणजे मी कुठे उभा आहे ते कळेल. वाचून झाल्यावर परत पाठव, माझ्यापाशी एवढंच आहे.

सतराला, मंगळवारी, मी उंबरवाडीला गेलो. चढणीवर येसू भेटला नाही, थट्टा नाही. घराशी गेलो तर तो दारात घोंगडी पांघरून बसलेला, भर उन्हात. त्याने मला या म्हटलं, एवढंच. आत चिंगी पडलेली. नागपंचमीला माहेरी आली होती आणि पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला राहिली होती. तिला पाळीपाळीने थंडी भरत होती, एक दिवस आड. सतराच्या आधी पाच दिवस ती बाळंत झाली, आठव्या महिन्यात. मूल रडलंच नाही.

पुतळाबाईने मला चहा ठेवला. ताई, तिने चहा ठेवला! मी नको म्हणालो तर म्हणाली की चालून आलाय, घ्या. मग सांगू लागली. चिंगीचा नवरा सप्टेंबर लागल्यापासून म्हणत होता की कामशेतला दवाखान्यात नेऊ. पुतळाबाईनेच त्याला अडवलं. ती म्हणाली, म्याच म्हनलं जावायला, भाऊ येऊन भित्तीवर लिवून गेल्यात, सरकारचं मानूस उगा लिवतं व्हय? वाईट आसतं तर त्येंनी सांगितलं नसतं? आमी रानात व्हतो तवा बी येऊन लिवून गेलं बिचारं.

मी भिंतीकडे पाहिलं. सगळी भिंत शेण आणि पांढऱ्या मातीने गुळगुळीत सारवलेली. फक्त दाराशेजारचा माझा चौकोन सोडलेला, त्याची कड बोटाने नीट ओढून घेतलेली, देव्हाऱ्याला सोडतात तशी. मी बघतोय हे बघून तिने मोठ्या मानाने सांगितलं की पंचमीला समद्या वाडीनं भित्ती सारवल्या, पन तुमचं लिवल्यालं येक अक्षर कुनी बुजू दिलं न्हाई. अकराही घरांत तसंच आहे. मी फिरून बघितलं.

तुला कळलं का? डी.डी.टी. भिंतीवर होतं. अडीच महिने भिंत सारवू नका, हे सांगणं माझं काम. तेवीस जुलैला पुतळाबाई माझ्यासमोर शेण कालवत होती. मी काय म्हणालो? म्हणालो, मावशी, पंचमीला घर गोरं करताय वाटतं! आणि दोनच्या गाडीसाठी पळालो. औषध त्यांनी झाकलं आणि माझा चौकोन जपून ठेवला, त्यात मी नंतर खोटं लिहिलं. सांभाळायचं काय आणि पुसायचं काय, हे त्यांना सांगायला ज्याला ठेवलं होतं तो लोणावळ्याला खिडकीत उभा होता.

चौदा काचा घेतल्या. अशा घाईने टोचत होतो की येसूच म्हणाला, भाऊ, दमानं टोचा, बोट कुटं पळत न्हाई. गोळ्या दिल्या. खरं काही बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं आणि चहा पिऊन खाली आलो.

तीस तारखेला दिल्लीचे लोक येणार. महिपतरावांच्या तक्त्यावर अजून शून्य आहे. तालुका पास झाला तर पुढच्या वर्षी उंबरवाडीत पावडरही जाणार नाही, आणि माझ्यासारखाच कुणीतरी पंधरा दिवसांनी जाईल किंवा जाणार नाही. मी सगळं लिहून देणार आहे. तारखा खोट्या आहेत हे आणि नऊ जण तापाने पडलेत हेही. नोकरी जाईल. महिपतराव मला दारात उभं करणार नाहीत, म्हणजे चंद्रिकाही गेली. आणि अप्पांनी सात महिन्यांनी मला एक कार्ड लिहिलं ते ज्या माणसाला लिहिलं तो मी नाहीच, हे त्यांना कळेल.

मला शहाणपण सांगू नकोस. पण लिही. लवकर लिही.

गंगाधर


॥ श्री ॥

अहमदनगर,
२५ सप्टेंबर १९६३

चि. गंगाधर यास,
आशीर्वाद.

कार्ड आणि चिठ्ठी परत पाठवते. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या पोरीचं तोंड मी पाहिलेलं नाही तरी दिसतंय.

आता ऐक, आणि फाडून टाकायच्या आधी शेवटपर्यंत वाच. वाडीला औषध मिळालं पाहिजे, याबद्दल मी तुझ्या बाजूची आहे. पण त्यासाठी तारखांचं सांगायलाच पाहिजे का? महिपतरावांना एकट्यांना भेट. नऊ जण आजारी आहेत म्हण, वाडी पुन्हा फवारून घ्या म्हण. ते करतील. तुझी चूक तुझ्यापाशी राहू दे. जन्मभर सलेल, सलू दे, ती शिक्षा कमी नाही. अप्पांना मात्र पुन्हा तोंडघशी पाडू नकोस. आईचं पत्र आलंय, ते कार्ड टाकून आल्यावर अप्पांनी संध्याकाळी पेटी काढून वाजवली म्हणे. फेब्रुवारीपासून तिला हात लावला नव्हता.

आणि एक कडू सांगते. तू खरं बोलतोस तेव्हा भरल्या सभेत बोलतोस. त्याने तुझी छाती हलकी होते आणि मागचं दुसऱ्यांना निस्तरावं लागतं. प्रोफेसरच्या वेळी ज्याच्यासाठी भांडलास तो मुलगा अजून त्याच वर्गात बसतो. तू गेलास. या वेळी तू गेल्यावर त्या वाडीत कोण जाणार, याचा विचार केलास का?

मी चुकत असेन. तुझं दुःख मोठं आहे आणि मी संसारी बाई आहे, झाकायची सवय आहे. जे करशील ते रागाच्या भरात करू नकोस, एवढंच मागते.

तू काही केलंस तरी तुझीच,
ताई


॥ श्री ॥

कामशेत,
५ ऑक्टोबर १९६३

ती. सौ. ताईस,
गंगाधरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र फाडलं नाही. खिशात आहे. त्यातली शेवटची दोन वाक्यं सोडली तर कडू तेवढं सगळं खरं होतं, आणि मी तेच धरून चाललो.

आधी महिपतरावांना एकट्यांनाच भेटलो. सव्वीसला, कागद घेऊन. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडलो असतो. त्यांनी तू म्हणतेस तेच सांगितलं. वाडी मी पुन्हा फवारून घेतो, गोळ्या पुण्याहून आणवतो, कागद मात्र मागे घे. तीन वर्षं सव्वाशे माणसं या तालुक्याचे डोंगर तुडवतायत, त्यातल्या एकाचा पाय जखम चिघळून कापावा लागला, त्या सगळ्यांचं काम तुझ्या दोन तारखांपायी नापास करायचं का? ताई, खरं सांगतो, लबाड माणूस नाही तो. त्या नकाशावर त्याने जीव लावलाय.

मी म्हणालो, साहेब, नोंद नसली तर पुढच्या वर्षी फवारणी थांबेल, आणि त्या वाडीत अजून नऊ जणांच्या रक्तात जंतू आहेत. पहिला डास त्यांना चावेल आणि मग सगळ्यांना चावेल. ते म्हणाले, मला शिकवतोस? मी म्हणालो, नाही, तुम्हीच मला एप्रिलमध्ये हे शिकवलंत. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. गोळ्या मात्र दुसऱ्याच दिवशी आणवल्या, आणि सत्तावीसपासून मी वाडीत द्यायला लागलो. चौदा दिवस रोज, समोर गिळवून. एक दिवस चुकला तर सगळं वाया.

तीसला दिल्लीचे तिघे आले. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. भाषण केलं नाही, शप्पथ. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरने विचारलं की याला पुरावा काय? तेवढ्यात चंद्रिका आतून तिचं रजिस्टर घेऊन आली आणि त्यांच्यापुढे पान उघडून ठेवलं. मामांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. म्हाताऱ्याने सगळी नावं मोठ्याने वाचली. दिल्लीच्या माणसाच्या तोंडून पुतळाबाईचं नाव ऐकताना मला कसंसंच झालं.

तालुका पास झाला नाही. उंबरवाडी आणि भोवतालच्या चार वाड्यांत आणखी दोन वर्षं फवारणी होईल. पुढच्या वेळी भिंती सारवून झाल्यावर, पंचमीनंतर, टोळी पाठवायची असंही त्यांनी लिहून घेतलं. एवढी साधी गोष्ट, पण आजवर वाडीला कुणी विचारलं नव्हतं की तुम्ही कधी सारवता.

त्याच संध्याकाळी महिपतरावांनी माझं नाव पटावरून काढलं. मी पायऱ्या उतरलो तर त्यांनी परत हाक मारली आणि गोळ्यांचा पत्र्याचा डबा पुढे केला. नवा माणूस पंधरा तारखेशिवाय येत नाही, म्हणाले. आजपासून तू कचेरीचा कोणी नाहीस, तुला हुकूम देण्याचा मला हक्क नाही. मग म्हणाले, पण चुकवू नकोस.

चंद्रिका फाटकापाशी उभी होती. लग्नाचा विषय मामांनी घरात काढायचा नाही म्हणून सांगितलंय. ती साताऱ्याला आईला पत्र लिहिणार आहे, काय लिहिणार ते मला सांगितलं नाही. मी विचारलं की मंगळवारी येऊ का. ती म्हणाली, मंगळवारी नको, मंगळवार वाडीचा. त्यावरून आशा धरू की सोडू, तूच सांग. तू बाई आहेस.

सगळ्यात अवघड राहिलंच होतं. एक तारखेला येसू आणि पुतळाबाईला समोर बसवून सांगितलं की त्या दोन दिवशी मी आलोच नव्हतो, नंतर येऊन खोटं लिहिलं. येसू ऐकून घोंगडी झटकून उभा राहिला आणि खाचराकडे निघून गेला. पुतळाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग तिने विचारलं, मंग त्या दिशी भाऊ कुटं व्हता? मी खरं सांगितलं. लोणावळ्याला, एका पोरीसाठी. ती म्हणाली, माजी बी पोरच व्हती की वो. रडली नाही. उठली, शेणाचा गोळा घेतला आणि माझ्यादेखत तो चौकोन सारवून टाकला. मग हात धुऊन म्हणाली, गोळ्या आना हिकडं.

त्या दिवसापासून चहा नाही. येसू समोरून जातो, राम राम करतो, थट्टा करत नाही. चिंगी माझ्या हातून गोळी घेत नाही. आईच्या हातून घेते, माझ्याकडे पाठ करून. पण गिळते. तिला सहा दिवसांत थंडी भरलेली नाही. काल ती अंगणात बसून भाताच्या लोंब्या चोळत होती.

अप्पांना मी स्वतः सगळं लिहिलं, तुझं नाव मध्ये आणलं नाही. उत्तर आलेलं नाही. आई म्हणते, पत्र त्यांनी वाचलं आणि डायरीत ठेवलं. तू रदबदली करू नकोस. ते बोलतील तेव्हा बोलतील.

पुढे काय करणार असं भाऊजी विचारतील. खरंच ठाऊक नाही. तूर्त उरलेल्या सहा दिवसांच्या गोळ्यांपुरतं ठाऊक आहे. आज नववा दिवस. लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलंय, उन्हं चढायच्या आत पोचलो नाही तर माणसं खाचरांत पांगतात आणि एकेकाला बांधाबांधावर शोधावं लागतं. चिंगीला शोधणं मला जमायचं नाही, ती लपेल.

तेव्हा पुरे करतो. माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायचं आज धाडस होत नाही. पण तू ठेवशील हे ठाऊक असल्याने लिहितोय. पाकीट डकवून खिशात घालतो, वाटेत टपालपेटीत टाकीन. डबा काखेत घेतो. दार ओढून घेतो, कडी लावतो आणि निघतो.

तुझा,
गंगाधर